औंध : पाचशे चौरस मैलांचं राज्य

जुन्या कागदांत 'औंध' शोधायला बसलं की पहिली अडचण येते ती पुण्याच्या औंधची. विद्यापीठापलीकडचं ते औंध वेगळं. आपलं औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. यमाईचा डोंगर, पायथ्याशी गाव, गावात राजवाडा. पंतप्रतिनिधींचं संस्थान ते हेच. सूचीत दोन्ही गावं एकाच नावाखाली पडतात. त्यामुळे शोधताना 'औंध'ऐवजी 'प्रतिनिधी', 'पंत' किंवा 'सातारा जहागिरी' या नावांनी शोधलं तर निम्मा वेळ वाचतो.

संस्थान होतं केवढं? सुमारे ५०० चौरस मैल, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. गावं ७२. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८८ हजारांच्या घरात. आणि एवढंसं राज्यही सलग नव्हतं. औंध एकीकडे, माणदेशातलं आटपाडी दुसरीकडे, कृष्णाकाठच्या पट्ट्यातलं कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूर जिल्ह्यात, कानडी मुलखात. मधल्या सगळ्या जागेत इंग्रजी अंमल किंवा दुसऱ्याच कुणाचं संस्थान. औंधहून निघालेला मामलेदार गुणदाळला पोचेपर्यंत किती वेळा दुसऱ्याच्या हद्दीतून जात असेल याचा हिशेब नकाशा समोर ठेवूनच करावा. दक्षिणेतल्या बहुतेक मराठी संस्थानांचे नकाशे असेच तुकड्यातुकड्यांचे दिसतात. कारण सरळ आहे. ही राज्यं एका झटक्यात जिंकलेली नव्हती. सरंजाम म्हणून, इनाम म्हणून, वतन म्हणून एकेक गाव पदरात पडत गेलं. इंग्रजांनी ज्या दिवशी हिशेब गोठवला, त्या दिवशी जे हातात होतं त्याला 'राज्य' म्हणायचं ठरलं.

मूळ घराणं कोरेगाव तालुक्यातल्या किन्हईचं, कुलकर्णी. परशुराम त्रिंबक हा कुलकर्ण्याचा मुलगा रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली तयार झाला. राजाराम महाराज जिंजीला असताना 'प्रतिनिधी' हे नवं पद निर्माण झालं. पहिला मान प्रल्हाद निराजींचा. पुढे ते पद परशुरामपंतांकडे आलं. पद अष्टप्रधानांच्या वरचं. पेशव्याला पगार १३ हजार होन (सोन्याची नाणी) तर प्रतिनिधीला १५ हजार. १७०७ साली शाहू परत आले तेव्हा परशुरामपंत ताराबाईंच्या बाजूने होते, त्यामुळे कैदेत गेले. पुढे शाहूंनीच त्यांना पद परत दिलं. घराण्याची दुसरी पाती मात्र कोल्हापूरकडे राहिली, ती विशाळगडची. साताऱ्याच्या गादीलाही प्रतिनिधी आणि कोल्हापूरच्या गादीलाही प्रतिनिधी, दोघं सख्ख्या भावांचे वंशज. हे लक्षात ठेवलं नाही तर कागदात 'प्रतिनिधी' दिसला की कुठला ते कळत नाही, आणि भल्याभल्यांची तिथे फसगत झाली आहे.

अठराव्या शतकात पेशवे मोठे झाले आणि प्रतिनिधी मागे पडले. शेवटच्या बाजीरावाच्या काळातले परशुराम श्रीनिवास, ज्यांना लोक थोटे पंत म्हणत, त्यांच्यावर बापू गोखल्याची स्वारी झाली आणि ते कैदेत पडले. त्यांच्या बाजूने वासोट्याचा किल्ला लढवला तो ताई तेलिणीने. 'श्रीमंत पंतप्रतिनिधींचा अजिंक्य वासोटा, तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा' ही ओळ साताऱ्याकडे अजून ऐकू येते. किल्ला पडला तो आतल्या धान्याच्या कोठाराला आग लागल्यावर.

या काळातले मोडी कागद वाचणाऱ्यांसाठी इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका तारखांत होतात. पेशवाईतल्या पत्रावर इसवी सन नसतो. असतो तो सुहूर सन, तोही अंकांत नाही, अरबी शब्दांत. 'सन सबा मयातैन व अलफ' असं लिहिलेलं असेल तर सबा म्हणजे ७, मयातैन म्हणजे २००, अलफ म्हणजे १०००. एकूण १२०७. वर्ष सुरू होतं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतचं पत्र असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचं असेल तर ६००. १२०७ म्हणजे १८०६-०७, वासोट्याच्या धामधुमीचाच काळ. महसुलाच्या कागदांवर फसली सन असतो. तो सुहूरपेक्षा नऊने मोठा, त्यामुळे तिथे ५९० किंवा ५९१ मिळवायचे. चूक होते ती चैत्र-वैशाखातल्या पत्रांत. वाचणारा सवयीने ५९९ मिळवतो आणि घटना अख्खं वर्षभर मागे सरकते. मग स्वारी आधी आणि तिचं कारण नंतर असा उलटा इतिहास छापला जातो. दुसरी खोच 'सीत' (६) आणि 'सबा' (७) मध्ये. घाईच्या मोडीत 'सबा' अर्धवट उमटला तर सहाचं की सातचं हे अक्षरावरून ठरत नाही. अशा वेळी पत्रातली चंद्राची तारीख आणि वार पंचांगाशी ताडून पाहावे लागतात. दोन वर्षांपैकी सहसा एकच जुळतं.

१८१८ ला पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने साताऱ्याला प्रतापसिंहांना गादीवर बसवलं आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने सातारचं राज्य बांधून दिलं. त्या राज्यातले सहा मोठे जहागीरदार म्हणजे औंध, फलटण, भोर, जत, डफळापूर आणि अक्कलकोट. १८२० मध्ये त्यांच्याशी वेगवेगळे करार झाले. थोट्या पंतांना, म्हणजे त्याच परशुरामपंतांना, बाजीरावाने हिसकावलेल्यातला काही भाग परत मिळाला. जहागीरदार साताऱ्याच्या राजाचा, पण हमी इंग्रजांची, अशी ही रचना. कुणाला वाटेल की ही जहागीरदारांवरची मेहेरबानी होती. मला ती साताऱ्याच्या राजाच्या पायातली साखळी वाटते. ज्याच्या सरदारांना थेट तिसऱ्याचं अभय आहे, तो राजा कितपत राजा?

१८४८ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याचे शहाजी महाराज वारले. मरणाआधी घेतलेलं दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने मानलं नाही आणि राज्य खालसा झालं. गादी गेली पण जहागीरदार राहिले. करार त्यांच्याशी स्वतंत्र होते ना! ज्या कागदाने आधी राजाला दुबळं केलं होतं, त्याच कागदाने आता औंधला वाचवलं. सहाही जहागिरी इंग्रजांच्या थेट नजरेखाली आल्या. संस्थानावर देखरेख ठेवायला इंग्रजांचा पोलिटिकल एजंट असे. औंध आणि फलटणचा एजंट म्हणजे साताऱ्याचा कलेक्टर, भोरचा पुण्याचा, अक्कलकोटचा सोलापूरचा. ही व्यवस्था संशोधकाच्या फार कामाची आहे. औंधच्या राजकीय पत्रव्यवहाराचा मोठा भाग औंधच्या दप्तरात सापडत नाही, कलेक्टरच्या दप्तरात सापडतो. १९३३ साली दख्खन संस्थानांची वेगळी एजन्सी झाली, त्यानंतरचा कोल्हापूरच्या रेसिडेन्सीकडे. तीन ठिकाणी शोधावं लागतं.

संस्थानाच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हा प्रश्न आधी विचारावा, राजा चांगला होता की वाईट हा नंतर. परराष्ट्र व्यवहार नव्हता, दोन संस्थानांनी आपसात करार करायचा तरी एजंटामार्फत. सैन्य नावापुरतं, मिरवणुकीला पुरेल एवढं. पोस्ट, तार, नाणं इंग्रजांचं. मीठ आणि अफूवर त्यांचाच ताबा. आगगाडी संस्थानातून जात असेल तर रुळांखालच्या जमिनीवर आणि स्टेशनाच्या आवारात इंग्रजी कायदा चाले. फलाटावर चोरी झाली की खटला इंग्रजांचा, फाटकाबाहेर झाली की संस्थानचा. छोट्या संस्थानांना फाशीसारख्या शिक्षेसाठी एजंटाची मंजुरी लागायची आणि गोऱ्या माणसाला तर हातही लावता येत नसे. तोफांची सलामी औंधला नव्हती. १९२१ साली दिल्लीत नरेंद्रमंडळ, म्हणजे संस्थानिकांची सभा, भरलं, तिथे मोठ्या संस्थानिकांना स्वतःची जागा होती, औंधसारख्यांना १२७ जणांत मिळून १२ प्रतिनिधी.

मग उरलं काय? जमीन महसूल, जंगल, शाळा, रस्ते, देवस्थानं, फौजदारी आणि दिवाणी कोर्टं, पोलीस, तुरुंग आणि मोकळी पडीक जमीन कुणाला द्यायची याचा अधिकार. ही यादी लहान दिसते. पण औंधबद्दल आज जे जे सांगितलं जातं, ते सगळं या यादीतूनच निघालेलं आहे.

गादीवर कोण बसणार हेसुद्धा शेवटी सरकारच ठरवी. १९०१ ते १९०९ या आठ वर्षांत औंधला तीन सत्ताधीश झाले. त्यातल्या तिसऱ्याला, नानासाहेबांना, इंग्रजांनी १९०९ मध्ये पायउतार केलं आणि त्यांचे चुलते भवानराव श्रीनिवासराव यांना बसवलं. हे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म २४ ऑक्टोबर १८६८, म्हणजे गादीवर आले तेव्हा वय एकेचाळीस. बी. ए. झालेले, वडिलांच्या हाताखाली कारभार पाहिलेले, आणि आपल्या आधीच्याला सरकारने कसं उचलून बाजूला ठेवलं हे डोळ्यांनी पाहिलेले. पुढची चाळीस वर्षं हा माणूस एजंटाशी कधी उघड भांडला नाही. त्याचा अर्थ लावताना १९०९ विसरू नये.

बाळासाहेबांच्या छंदांची यादी लांबलचक आहे. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, रामायणाची सचित्र मालिका केली, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीला लाख रुपयांचं साहाय्य कबूल केलं, १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण लोकांपर्यंत पोचला तो सूर्यनमस्कार. दहा स्थिती, प्रत्येक नमस्काराला ॐकार आणि ह्रां, ह्रीं, ह्रूं यांसारखी बीजाक्षरं, आणि नियम असा की रोज, न चुकता, वय वाढेल तसे आकडे ठरवून. संस्थानातल्या शाळांत तो सक्तीचा केला. इंग्रजी मुलखात कुणा समाजसेवकाला हे करायचं असतं तर शाळाखात्याकडे अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली असती. इथे शाळा राजाच्या होत्या, हुकूम निघाला आणि मुलं ओळीत उभी राहिली. सक्तीबद्दल कुरकूर झालीच असणार. राजाला व्यायामाचं वेड असलं की पहिला घाम प्रजेला येतो!

डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय १९३८ चं. राजा रविवर्म्यापासून पहाडी लघुचित्रांपर्यंतचा संग्रह आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प, तेही खटावच्या माळावर. एवढ्या लहान संस्थानाने हे जमवलं याचं कौतुक करताना दुसरी बाजूही बघावी. चार तालुक्यांपैकी आटपाडी म्हणजे माणदेश, पाऊस हमखास नाही. चित्रांचा पैसा त्याच महसुलातून आलेला. राजा लोभी नव्हता, चैनी तर नव्हताच, पण निवड त्याची होती, रयतेची नव्हती. १९३९ पर्यंत.

आता किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावचं कारखान्याचं ठिकाण नगरपालिकेच्या विस्तारात जाणार हे ठरलं, तेव्हा ते औंधला बांधकामाच्या कामावर होते. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १० हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० च्या मार्चमध्ये वसाहत उभी राहायला लागली. माळ निवडुंगाचा, सापांचा, पाण्याची वानवा. पण जागेचा गुण बघा. संस्थानची जमीन आणि इंग्रजांची आगगाडी, दोन्ही एकाच ठिकाणी. जमीन मिळायला एका सहीचं काम आणि कच्चं लोखंड आणायला, नांगर पाठवायला स्टेशन दारात. कुंडल तालुक्याला रेल्वे लागून नसती तर हीच ३२ एकर आटपाडीत देऊन काही उपयोग नव्हता. नांगराच्या धंद्यात पहिली अडचण कारखान्याची नव्हतीच. लोखंडाच्या फाळाने जमिनीला विष होतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. लाकडी नांगर वरवर खरवडतो, लोखंडी खोल जातो, खालची ओली माती उलटून वर आणतो. काळ्या रानात हराळी आणि कुंदा मुळासकट उपटून निघायला लागला तेव्हा लोक वळले. कारखान्याच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून सुटलेली माणसं नेमली, हेही त्या वाडीचं वैशिष्ट्य. कराडजवळची ओगलेवाडी १९१६ ची, काचकाम आणि प्रभाकर कंदिलासाठी नाव झालं, तीही औंधच्याच आधाराने.

पंडित सातवळेकर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस औंधला आले. वैदिक प्रार्थनांवरच्या लेखासाठी राजद्रोहाचा खटला भोगलेला हा माणूस. औंधमध्ये त्यांनी स्वाध्याय मंडळ काढलं, वेदांच्या संहिता शुद्ध करून छापल्या. संस्थानाची हद्द इथे कामाला आली. इंग्रजी पोलिसाला हद्दीत येऊन कुणाला उचलायचं तर एजंटामार्फत मागणी करावी लागे, कागद फिरत, दिवस जात. पूर्ण संरक्षण नव्हतं, पण उसंत होती. छोट्या संस्थानाचं खरं भांडवल हीच उसंत.

१९३८. त्या वर्षी काँग्रेसने हरिपुऱ्याला संस्थानी प्रजेच्या चळवळींबद्दल ठराव केला, राजकोटात सत्याग्रह पेटला, दक्षिणी संस्थानांत प्रजापरिषदा, म्हणजे प्रजेच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटना, जोरात होत्या. रामदुर्गात तर पुढच्या एप्रिलमध्ये रक्तपात झाला. औंधला उलटंच घडलं. बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब ऑक्सफर्डहून शिकून, बॅरिस्टर होऊन परतले होते. त्यांची बंगळूरला मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरशी ओळख झाली. फ्रिडमन म्हैसूर सरकारच्या वीजसामानाच्या कारखान्याचा प्रमुख होता, नंतर भगवी वस्त्रं घेऊन भारतानंद झाला. राजाने सगळी सत्ता प्रजेला द्यावी ही कल्पना त्याची, मसुदाही त्याने केला. नोव्हेंबर १९३८ मध्ये, वाढदिवसाच्या निमित्ताने, बाळासाहेबांनी घोषणा केली. मग आप्पासाहेब आणि फ्रिडमन सेवाग्रामला गेले. गांधीजींनी मसुदा ओळीओळीने पाहिला, बदलला. २१ जानेवारी १९३९ ला औंधची स्वराज्य घटना लागू झाली.

घटनेची बांधणी खालून वर. गावातल्या लोकांनी पाच पंच निवडायचे, पंचांनी अध्यक्ष. तालुक्यातल्या गावांच्या अध्यक्षांची तालुका पंचायत. तालुक्यांनी आपले प्रतिनिधी औंधच्या विधिमंडळात पाठवायचे आणि मंत्री त्या मंडळाला जबाबदार. औंधच्या दरबारात बसून सगळं ठरायचं ते आता गावच्या चावडीतून वर चढायचं. महसुलातला मोठा वाटा तालुक्यांकडेच ठेवायचा म्हणजे विहीर, रस्ता, शाळा यासाठी औंधकडे हात पसरायला नको. न्यायाचंही तेच. साधे दावे गावातच निकालात काढायचे, न्यायाधीशाने गावात यायचं, पंचांबरोबर बसायचं. साक्षीदाराला तालुक्याला खेपा नकोत, वकिलाचा खर्च नको. बांधाच्या भांडणात तर याचा फायदा ताबडतोब दिसतो. बांध समोर आहे, कोरलेला दगड समोर आहे, शेजारी समोर आहे. खोटी साक्ष शंभर मैलांवर देणं सोपं, ज्या बांधावर उभा आहे तिथे देणं अवघड.

ही रचना कुठे अडखळते हे कागदावरच दिसतं. पहिलं म्हणजे गावातला पुढारपणा. पाच पंच निवडायचे म्हटल्यावर ज्या घरात आधीच पाटीलकी आहे, जमीन आहे, तिथेच पंचपद जातं. मागासवर्गीय वस्तीतला माणूस चावडीवर बरोबरीने बसतो की नाही हे घटनेने ठरत नाही, गावाने ठरतं. दुसरं, अप्रत्यक्ष निवडणूक. गावच्या मतदाराचं मत औंधला पोचेपर्यंत दोन पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर ओळखीपाळखी, गट-तट घुसतात. गांधींना हीच पद्धत हवी होती, कारण त्यांना गाव हा मूळ घटक वाटे. मला यात गाव फारच सज्जन मानलेलं दिसतं. तिसरं पैशाचं. महसूल तालुक्यात ठेवला की कुंडल सुखी आणि आटपाडी कोरडी. आणि चौथं, सगळ्यात मोठं : सार्वभौम सत्ता इंग्रजांचीच. औंधच्या मंत्र्याने कितीही ठराव केले तरी मीठ, रेल्वे, तार, युद्धकाळातली नियंत्रणं ही त्याच्या कक्षेबाहेर. घटना लागू झाली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झालं. पुढची सहा वर्षं महागाई आणि टंचाईची. एखाद्या नव्या राज्यघटनेला याहून वाईट मुहूर्त सापडला नसता.

तरी एक प्रयोग टिकला. आटपाडीजवळ १९३९ मध्येच स्वतंत्रपूर नावाची वसाहत केली. तुरुंग, पण भिंत नाही. जन्मठेपेच्या कैद्यांना जमीन कसायला द्यायची, कुटुंब बरोबर राहू द्यायचं, रात्री वसाहतीत हजर असलं पाहिजे एवढी अट. फ्रिडमनचा यातही हात होता. हे इंग्रजी मुलखात १९३९ ला मंजूर झालं असतं असं वाटत नाही. तिथे तुरुंगाचे नियम सगळ्या प्रांताला एकच. एका जिल्ह्यात ढिले केले तर दुसऱ्यात का नाही, असा प्रश्न लगेच येतो. औंधला एकच तुरुंग, एकच राजा, एकच निर्णय. फसलं असतं तर आटपाडी तालुक्यात दोन दिवस बोभाटा झाला असता एवढंच. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' ची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ते तर औंध संस्थानच्याच मुलखात वाढलेले, औंधच्या शाळेत शिकलेले. चित्रपटाने स्वतंत्रपूर देशभर नेलं. वसाहत पुढे महाराष्ट्राच्या तुरुंगखात्याकडे खुलं कारागृह म्हणून गेली.

१९४२ नंतरचा कुंडल हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे, पण हद्दीच्या गोष्टीत तो आलाच पाहिजे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजी सत्तेला समांतर चालवलेल्या भूमिगत सरकारचे, बरेच कार्यकर्ते कुंडल परिसरातले. त्यांच्या तुफान सेनेचं, म्हणजे स्वयंसेवक दलाचं, शिक्षण कुंडलला चालायचं. सातारा जिल्ह्यातले इंग्रज पोलीस मागावर असले की औंधच्या हद्दीत शिरायचं, आणि तिथले अधिकारी डोळे झाकून घ्यायचे. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पे-स्पेशल, म्हणजे पगाराचे पैसे नेणारी आगगाडी, लुटली गेली. गाडी इंग्रजांची, रूळ इंग्रजांचे. नकाशाचे ते विचित्र तुकडे, जे शंभर वर्षं मामलेदारांची डोकेदुखी होते, ते भूमिगतांच्या पथ्यावर पडले. गावपंचायतीला न्यायनिवाड्याची सवय लागलेल्या या पट्ट्यात प्रतिसरकारची न्यायमंडळं रुजली. दोन्हींतला संबंध किती सरळ आहे यावर वाद घालता येईल. परिसर एकच होता हे मात्र खरं.

शेवट लवकर आला. दक्षिणेतल्या काही संस्थानिकांनी मिळून एक संयुक्त राज्य करायचं ठरवलं, १९४७ च्या अखेरीस ते अवतरलंही. पण प्रजापरिषदेला ते नको होतं आणि दिल्लीलाही. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. संस्थानिकांपैकी अनेक घराणी ब्राह्मण, त्यामुळे संयुक्त राज्याची उरलीसुरली हवा गेली. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. सातवळेकर त्याच वर्षी गुजरातेत पारडीला गेले. बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ ला वारले. आप्पासाहेब पुढे केनिया, सिक्कीम, इंडोनेशिया, इंग्लंड अशा ठिकाणी देशाचे राजदूत आणि प्रतिनिधी म्हणून राहिले.

तुकडे आपापल्या जागी गेले. औंध साताऱ्यात राहिलं. आटपाडी आणि कुंडल १९४९ ला झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, ज्याला १९६० पासून सांगली म्हणतात. गुणदाळ विजापूरबरोबर राहिलं आणि १९५६ च्या भाषावार रचनेत म्हैसूर राज्यात गेलं, आज कर्नाटकात आहे. त्यामुळे गुणदाळच्या जुन्या जमिनीच्या कागदासाठी मराठी वाचता येणारा माणूस आणि विजापूरचं दप्तर दोन्ही लागतात. पंचायतींचं काय झालं? विलीनीकरणानंतर मुंबई प्रांताचा ग्रामपंचायतीचा कायदा लागू झाला, मग १९५८ चा अधिनियम, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. गावच्या अध्यक्षांनी तालुका बनवायचा आणि तालुक्याने विधिमंडळ बनवायचं ही औंधची साखळी त्यात कुठे आली नाही. मतदार थेट सदस्य निवडतो, सदस्य सभापती निवडतात. पंचांची ती जुनी साखळी ज्यांनी चालवली त्यांच्या सह्यांची कागदपत्रं अजून दप्तरांत बांधलेली आहेत, रुमालावर मराठीत तालुक्याचं नाव आणि फसली साल. वाचायला मोडी येणारा हवा, आणि ५९० मिळवायला न विसरणारा.